चुंबळ

दोन वर्षांत पुष्पांजलीनं बहात्तर उंदरांच्या डोक्यावर वजन पाडलं होतं, आणि त्यांतल्या एकालाही तिनं मार बसताना पाहिलं नव्हतं. ती पडद्याच्या अलीकडे बसायची. पडदा म्हणजे हॉस्टेलच्या जुन्या चादरीचा तुकडा, दोन खिळ्यांना अडकवलेला. पलीकडे धुरपताबाई बेशुद्ध केलेला पांढरा उंदीर फोमच्या तुकड्यावर ठेवायच्या, त्याचं डोकं उभ्या नळीच्या बरोबर खाली आणायच्या आणि म्हणायच्या, "ठेवलं वं." मग पुष्पांजली वर बांधलेली दोरी सोडायची. नळीतून पितळी वजन खाली यायचं. कधी आवाज टणक यायचा, कधी जरा बसका. फोम जुना झाला असेल असं तिला एकदा वाटलं होतं. तिनं फोम बदलला, तरी आवाज तसाच राहिला, आणि पुढं तिनं त्याचा नाद सोडला.

पडदा हा नियम होता. समोरचा उंदीर नर आहे की मादी हे मारणाऱ्याला कळता कामा नये, नाहीतर हात आपसूक हलका पडतो. वजन तर नळीतून आपोआप पडणार, त्यात हात कसला हलका पडतोय, असं कुणी म्हणेल. पण पुष्पांजली नियमाची पक्की. शाळेत शेजारणीचा पेपर चुकून दिसू नये म्हणून मान वाकडी करून बसणारी पोर ती. नर-मादी वेगळे करायचं काम धुरपताबाईंकडे, यादी भुपेंद्रसरांच्या कपाटात, आणि पुष्पांजलीच्या वहीत नुसते नंबर. आपल्या इमानदारीत कुठं फट राहू नये अशी सगळी व्यवस्था तिनं स्वतःच करून ठेवली होती.

भुपेंद्रसर तिचे गाइड. गोंदियाच्या बाहेर, जिथं घरं संपून धानाच्या बांध्या सुरू होतात, तिथल्या फार्मसी कॉलेजात ते शिकवायचे. धुरपताबाई तिथंच वीस वर्षांपासून उंदीर सांभाळत होत्या. त्या सडक अर्जुनीकडच्या, कोहळी घराण्यातल्या. "आमच्या आज्यानं तलाव बांधले," असं त्या आल्या-गेल्याला सांगायच्या, आणि लगेच पुढं, "अन् आजीनं माती वाह्यली. तिचं कोनी नाव घेत नाई." उंदीर कापायची वेळ आली की त्या बाहेर जाऊन बसत. बाकी सगळं काम चोख. पुष्पांजली त्यांना मावशी म्हणायची आणि त्यांच्या डब्यातली लाखोळीची भाजी हक्कानं खायची.

हे उंदरांचं खूळ पुष्पांजलीच्या डोक्यात शिरलं ते आईमुळं.

तिचं गाव बोदलकशाच्या तलावाच्या खालच्या अंगाला. तीन वर्षांपूर्वी दिवाळी झाल्यावर घरचं धान खरेदी केंद्रावर विकायला नेलं होतं. तिथं ट्रॉलीवर रचलेल्या थप्पीतला एक कट्टा सुटला आणि खाली उभ्या असलेल्या कुंदाबाईच्या, म्हणजे पुष्पांजलीच्या आईच्या, डोक्यावर आला. चाळीस किलो धान. कुंदाबाई स्वतःच एक कट्टा डोक्यावर घ्यायच्या बेतात होती. फडक्याची चुंबळ अजून हातातच होती. ती खाली बसली, मग आडवी झाली, पाच मिनिटांनी उठली. रक्त नाही, टेंगूळही फारसं नाही. बायांनी पाणी पाजलं. तिनं लुगडं झटकलं, चुंबळ डोक्यावर ठेवली आणि आपला कट्टा उचलून आत नेला. सगळ्यांच्या लक्षात राहिलं ते हे शेवटचं. 'त्याच वक्ती कट्टा उचलला होता न तू!' हे वाक्य पुढं तीन वर्षं तिच्या तोंडावर फेकलं गेलं.

कारण त्यानंतर कुंदाबाई पहिल्यासारखी राहिली नाही. तिला ऊन सोसेना. भाजीत दोनदा मीठ पडू लागलं, नाहीतर पडेचना. बोलता बोलता एखाद्या साध्या वस्तूचं नाव हरवायचं आणि ती हवेत बोटं हलवत राहायची. टीव्हीचा आवाज वाढला की रडायची. एकदा तर भरलं ताट अंगणात फेकून दिलं, आणि मग स्वतःच भात वेचत बसली. धान रोवण्याच्या वेळी गावातल्या बायांची जी म्होरकी असायची, ती आता भरदुपारी खोलीचं दार लावून पडून राहायची.

उमराव, पुष्पांजलीचे वडील, वाईट माणूस नव्हते. बायकोला त्यांनी नागपूरला नेलं, डोक्याचा स्कॅन केला. डॉक्टर म्हणाले, सगळं नॉर्मल आहे. उमरावांचं समाधान झालं. इतकं झालं की त्यापुढं बायकोचं दुखणं म्हणजे त्यांना आपल्यावर घेतलेला आळ वाटू लागला. "फोटोत काई नाई," ते म्हणायचे, "मंग डोक्यात काऊन राहीन?"

पुष्पांजलीला तेव्हा पीएचडीचा विषय घ्यायचा होता. तिनं वाचलं होतं की डोक्याला मार बसला की मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशी दुखावतात आणि त्यांतलं एक प्रथिन रक्तात उतरतं. नाव लांबलचक, म्हणून सगळे त्याला जीएफएपी म्हणतात. कवटी शाबूत असो, स्कॅन कोरा असो, रक्तात हे प्रथिन वाढलं की आत काहीतरी झालंय हे कळतं. तिनं ठरवलं की आपण हेच करायचं. आईचं रक्त आता तपासून उपयोग नव्हता, ते प्रथिन थोड्या दिवसांत ओसरतं. पण उंदरांवर दाखवता आलं, की बाहेरून काही न दिसता आत किती लागतं, तर बाबांच्या पुढ्यात ठेवायला एक आकडा तरी मिळेल. शास्त्रासाठी वगैरे ते सेमिनारमध्ये बोलायचं. खरं कारण एवढंच होतं.

"नर घे फक्त," सर तेव्हा म्हणाले होते. "माद्यांची कटकट असते. शरीरातलं चक्र चालू असतं, आकडे हलतात. बहुतेक जण नरांवरच भागवतात."

"अर्ध्या माद्या घेईन, सर." माझी आई काय नर आहे, हे ती मनात म्हणाली.

आणि मार्चच्या शेवटी निकाल लागला. बहात्तर उंदरांचं, मार बसल्यानंतर चोवीस तासांनी काढलेलं रक्त. ते तपासतात त्या प्लेटला बारीक बारीक वाट्या असतात. जितकं प्रथिन जास्त तितकी वाटी पिवळी. सरांनी कपाटातून यादी काढली आणि नंबर जुळवले. नरांच्या वाट्या हळदीच्या पाण्यासारख्या. माद्यांच्या बहुतेक सगळ्या फिकट, मार न दिलेल्या उंदरांच्या जरा वर, बस्स. दुसरं प्रथिन मोजलं, त्याचंही तेच. मार बसल्यावर माद्या उठून चालायलाही लवकर लागल्या होत्या.

"अरे पुष्पांजली, ये तो सोना है!" सर खुर्चीतून उठले. "इतना साफ फर्क! मादीचे हार्मोन मेंदूला सांभाळतात, असं बरेच जण म्हणतात. पण एवढं स्वच्छ कुणाचं आलंय?"

पुष्पांजलीला कुणीतरी कानफटात मारल्यासारखं झालं. तिला बाबांच्या पुढ्यात ठेवायला आकडा हवा होता. मिळाला तो बाबांच्याच बाजूचा. तिनं पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं. आकडा हलला नाही, आणि जो आकडा हलत नाही तो मान्य करायचा, एवढं तिला शिकवलेलं होतं. सरांनी लेख घाईघाईनं लिहून घेतला, एका बऱ्या नियतकालिकानं तो स्वीकारला, आणि सरांच्या ओळखीच्या पत्रकारानं बातमी लावली: 'माद्यांचा मेंदू दणकट! गोंदियाच्या कन्येचं संशोधन.' खाली पुष्पांजलीचा फोटो, ॲप्रनमध्ये, दात दिसतील असा हसरा.

त्या रविवारी ती गावी गेली. उमराव पानठेल्यावरून आले ते पेपरची घडी खिशात घालूनच. ती त्यांनी आठ दिवसांत किती जणांना उलगडून दाखवली असेल कुणास ठाऊक, मधून फाटायला आली होती.

"पाय," ते खाटेवर बसून घडी उलगडत म्हणाले. पोरीचं कौतुक त्यांच्या तोंडावर मावत नव्हतं. "साऱ्या गावानं वाचलं. मास्तर म्हने, उमरावभाऊ, तुमच्या पोरीनं सिद्ध केलं, बायायले मार कमी लागते."

"बाबा, ते उंदीर होते."

"मंग दोन साल उंदराले कायले मारत होती? मानसाले समजाव म्हनूनच न?"

तिनं आत डोकावून पाहिलं. तिनं विचारलं, "माय कोठी आहे?"

"बांधीत. रोवन्याले." उमरावांनी पेपरची घडी पुन्हा खिशात घातली. "मी नाई म्हटलं तिले. तिनंच वाचलं अन् दुसऱ्या दिवशीपासून चालली."

पुष्पांजली तशीच बांधीकडे गेली. ऊन फटफटलं होतं आणि बांधीतल्या पाण्यावरून ते दुप्पट होऊन डोळ्यांत येत होतं. बाया ओळीनं वाकल्या होत्या. सगळ्यांत शेवटी, ओळीच्या बरीच मागे, कुंदाबाई. हातातला पऱ्हा, धानाची रोपं, ती चिखलात खोचायची आणि थांबायची, खोचायची आणि थांबायची. मग ती बांधीच्या कडेला धुऱ्यावर आली, पळसाच्या आडोशाला बसली आणि ओकली. तोंड पुसून उठताना तिला लेक दिसली.

"सकारी शिळं खाल्लं होतं," ती म्हणाली.

"माय, घरी चल. तुले उन्हाचं सोसत नाई."

"सोसते वं. तूच लिवलं न." कुंदाबाईनं हे टोमण्यानं म्हटलं नाही. टोमणा असता तर बरं झालं असतं. "मी वाचलं सारं. दोनदा वाचलं. मले वाटे का डोक्यात काई झालं आहे. तुह्या बापावर भरोसा नोता, डॉक्टरवरबी नोता. पन तू तपासलं. तू म्हनते तं नसंल लागलं." तिनं पदर डोक्यावर ओढला. "मीच आळशी झाली असंन." आणि ती पुन्हा बांधीत उतरली.

सोमवारी सकाळी पुष्पांजली प्राणिगृहात आली ती काही काम नसताना आली. पिंजऱ्यांपुढच्या स्टुलावर बसली आणि रडायला लागली. अशी रडली की नाक पुसायचंही भान राहिलं नाही. धुरपताबाई उंदरांच्या बाटल्यांत पाणी भरत होत्या. त्यांनी बाटली ठेवली आणि जवळ आल्या.

"काय झालं वं पोरी? नापास झाली काय?"

"नाही मावशी. पास झाले." तिनं सगळं सांगितलं. कट्टा, स्कॅन, वाट्यांचा रंग, पेपर, पळसाखालची आई. "माझ्याच प्रयोगानं सांगितलं, माद्यांना कमी लागतं. आता मी तिला कोणत्या तोंडानं सांगू की तुला लागलंय?"

धुरपताबाईंना त्यातलं अर्धं कळलं असेल. पण एक गोष्ट कळली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"माद्यायले कमी लागलं? मशीनीत तसं आलं?"

"हो."

"येनारच न बाप्पा!" त्या चक्क हसल्या. "मी कायले बसली होती मंग पलीकडे? कमी लागाव म्हनूनच तं ठेवत होती."

"काय ठेवत होती?"

धुरपताबाईंनी कमरेची पिशवी सोडली. सुपारी, अडकित्ता, चुन्याची डबी आणि त्यांच्याखालून एक चिमुकली वस्तू काढून त्यांनी पुष्पांजलीच्या तळहातावर ठेवली. जुन्या लुगड्याच्या काठाची, पीळ देऊन गोल गुंडाळलेली, रुपयापेक्षा थोडी मोठी. टाके सुबक घातलेले. इतकी छोटी की खेळातली वाटावी. चुंबळ होती ती.

"तुमी वजन डोक्यावर सोडता," धुरपताबाई म्हणाल्या. "गडीमानूस वजन खांद्यावर घेते. डोक्यावर घेते ते बाईच. अन् बाईच्या डोक्यावर चुंबळीबिगर वजन देते काय कोनी? माह्या आजीनं तलावाची माती वाह्यली, तिच्या डोक्यावर चुंबळ होती. मीबी वाह्यली. चुंबळीबिगर एक घमेलंबी कोनी दिलं नाई मले." त्यांनी पिंजऱ्यांकडे मान हलवली. "हे तं बिचारे बोलतबी नाई."

पुष्पांजलीच्या कानात तो बसका आवाज आला. दोन वर्षं ऐकलेला. छत्तीस माद्या, आणि प्रत्येकीच्या डोक्यावर, पडद्यापलीकडे, ही.

"मावशी," चुंबळ मुठीत धरून तिनं विचारलं, "मला का नाही सांगितलं?"

"तू पडदा लावून बसली होती. मले वाटलं, तुलेबी पायवत नसंल."

पुष्पांजलीला इतका राग आला की ती उठून बाहेर गेली आणि सायकल स्टँडला दोन फेऱ्या मारून आली. राग धुरपताबाईंवर करावा तर त्यांनी काय केलं होतं? जगात कुणी कुणासाठी करत नाही ते केलं होतं. राग सगळा त्या चादरीच्या तुकड्यावर येत होता. दोन वर्षांत एकदा, फक्त एकदा, ती चादर बाजूला करून पाहिलं असतं तर!

चुंबळीचं आणि आईचंही सगळं ऐकून सर पेन उघडत आणि मिटत राहिले.

"किसने किया?"

"व्यवस्था माझी होती, सर. पलीकडे काय चाललंय ते मी तपासलं नाही. चूक माझी."

"धुरपतानं केलं. दुसरं कोण होतं तिथं?"

"मी म्हणते ना, माझी."

"आज काढून टाकतील तिला, माहीत आहे?" सर चिडले होते, पण ते चिडणं घाबरलेल्या माणसाचं होतं. "लेख स्वीकारला गेलाय. तुझी थीसिस पुढच्या महिन्यात. जर्नल को क्या लिखोगी तुम? माद्यांच्या डोक्यावर चुंबळ होती? चुंबळ की अंग्रेजी क्या है? हसतील लोक. रहने दो, पुष्पांजली. फडक्यानं असा कितीसा फरक पडणार?"

"तेच पाहायचंय, सर. जास्तीच्या मंजूर झालेल्या बारा माद्या पिंजऱ्यात आहेत. त्यांच्यावर करते. फरक पडला नाही तर मी गप्प बसेन."

"आणि पडला तर?"

"तर लेख मागे घ्यायचा."

सरांनी टेबलावरचं लेख स्वीकारल्याचं पत्र ओढून पुन्हा वाचलं. त्यांचंही चुकत नव्हतं. दोन वर्षं त्यांनीही घातली होती, आणि त्यांच्या नावावर असा लेख पुन्हा कधी येणार होता? शेवटी ते म्हणाले, "कर. पण माद्यांना तूच मारशील, आणि मग त्यांच्यात आई दिसली म्हणून रडशील. तेव्हा मला सांगू नकोस."

बुधवारी पुष्पांजलीनं चादरीचा तुकडा खिळ्यांवरून काढला. सगळ्या माद्याच होत्या, पडद्याचं कामच नव्हतं. धुरपताबाई दारातच उभ्या राहिल्या, कमरेवर हात ठेवून.

"मी नाई ठेवत. चुंबळीबिगर मी हात लावनार नाई."

"तुम्ही नका लावू. मी ठेवते, मीच सोडते."

"एवढं कायले पोरी? कमी लागलं त्यायले, बरं झालं न?"

पुष्पांजलीनं नळी पुसली, फोम जागेवर ठेवला आणि मग वळून सांगितलं. शास्त्रातलं नाही, साध्या शब्दांत. "मावशी, तुम्ही चुंबळ ठेवली हे कुणाला माहीत नाही. लोकांना एवढंच दिसलं की माद्यांना लागत नाही. पेपरात तेच छापून आलं. ते वाचून माझी माय उन्हात रोवायला गेली आणि ओकली. तिच्या डोक्यावर चुंबळ नव्हती. तिच्या हातात होती."

धुरपताबाईंचे हात कमरेवरून खाली आले. त्यांनी एकदा पिंजऱ्याकडे पाहिलं, एकदा पुष्पांजलीकडे. त्यांच्या वीस वर्षांच्या सगळ्या दयेचा हिशोब असा उलटा लागेल, हे त्यांना स्वप्नातही आलं नसणार. पुष्पांजलीला त्यांच्याकडे पाहवेना.

"सरक," शेवटी त्या म्हणाल्या. "मी ठेवतो तसं नीट तुले जमनार नाई. अन् ठेवनं-सोडनं दोन्ही तुह्या एकटीच्या हातानं नको."

त्यांनी पहिली मादी ठेवली. बेशुद्ध होती, गुलाबी कान मागे पडलेले, मिशीचा एक केस वाकलेला. पुष्पांजली दोरीला हात लावून पाहत राहिली. बहात्तर वेळा हे झालं होतं आणि ते असं दिसतं हे तिला आज कळत होतं.

"ठेवलं वं," धुरपताबाई म्हणाल्या.

आवाज टणक आला. दुसरीचाही. बारावीपर्यंत एकदाही बसका आला नाही. पहिली मादी उठून उभी राहायला इतका वेळ लागला की पुष्पांजलीनं घड्याळ दोनदा तपासलं. धुरपताबाई एकेकीला ओंजळीत घेऊन ऊब देत बसल्या होत्या. रडत नव्हत्या. बाहेरही गेल्या नाहीत.

शुक्रवारी दुपारी वाट्या भरल्या. पुष्पांजलीला वाटलं होतं, रंग यायला वेळ लागेल. लागला नाही. बारा माद्यांच्या वाट्या नरांच्या इतक्याच पिवळ्या झाल्या. दोन तर नरांपेक्षा गडद. सर मागे येऊन उभे राहिले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या कॉम्प्युटरवरून जर्नलला पत्र लिहायला घेतलं आणि कारणाच्या ओळीपाशी अडले. पुष्पांजलीनं त्यांना सांगितलं, तसंच लिहा, फडक्याची चुंबळ. त्यांनी तसंच लिहिलं. धुरपताबाईंचं नाव त्यात आलं नाही. थीसिस किमान वर्षभर पुढं गेली होती.

शनिवारी ती गावी गेली. वाटेत बसमध्ये तिनं मनातल्या मनात भाषण तयार केलं. बाबा, आकडे बदलले. बाबा, तो लेख आम्ही मागे घेतला. ती घरात शिरली तेव्हा उमराव बैलाला वैरण टाकत होते.

"माय गेली काय रोवन्याले?"

"नाई. तीन दिवस झाले, उठली नाई." उमरावांनी नजर वैरणीवरच ठेवली. त्यांचा आवाज पानठेल्यावरचा नव्हता. "बुधवारी बांधीतच पडली. पान्यात. बायायनं उचलून आनली. मले समजून नाई राहिलं, पोरी. फोटोत काई नाई. तुह्या उंदरातबी काई नाई."

बुधवार. म्हणजे ज्या दिवशी चादर काढली त्या दिवशी. भाषणातला एकही शब्द पुष्पांजलीला आठवला नाही. ती आता मोठमोठ्यानं बोलली, कुणाशी बोलतेय याची पर्वा न करता.

"उंदरात आहे, बाबा! मी चुकली होती. पेपरातलं सारं चुकीचं आहे. ते फाडून टाका. अन् उंदरात नसतं तरी काय झालं असतं? ती तीन वर्षं सांगून राहिली न! रोवन्याले ती येनार नाई. या साली नाई, कधीच नाई. पुन्हा नागपूरले मी नेतो, फोटो काढायले नाई, तिचं ऐकून घेनारा डॉक्टर पायतो."

उमरावांनी खिशाशी हात नेला, घडी तिथंच होती, आणि हात तसाच खाली आणला. मग पाण्याचा गुंड उचलून ते विहिरीकडे गेले.

खोलीचं दार लोटलेलं होतं. खिडकीला कुंदाबाईनं गोणपाट लावलं होतं, म्हणून भरदिवसाही आत अंधार होता. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"माय."

"ऐकलं मी. ओरडू नको, डोकं फुटते." मग तिनं विचारलं, "मंग मशीनीत आता काय निघालं? लागलं काय मले?"

लागलं, असं सांगायला पुष्पांजलीनं तोंड उघडलं. तेवढं ऐकलं असतं तरी आईला पुरलं असतं, हे तिला ठाऊक होतं. पण त्या वाट्यांत आईचं रक्त नव्हतं. बारा उंदरांचं होतं. चौऱ्याऐंशी उंदरांना ती विचारून आली होती. जिला विचारायचं तिला एकदाही विचारलं नव्हतं. नागपूरच्या डॉक्टरनं नाही, बाबांनी नाही, आणि तिनंही नाही. तिला स्वतःची लाज वाटली, अशी की अंधार आहे ते बरं झालं.

ती खाटेशेजारी खाली बसली. "मशीनीले तुहं काई मालूम नाई, माय. तू सांग. कोठी दुखते?"

कुंदाबाई हळूच वळली, लेकीचा हात चाचपून धरला, आणि तिचं एक बोट आपल्या केसांत नेलं. टाळूच्या जरा मागं, उजव्या बाजूला, जिथं बाया चुंबळ ठेवतात तिथं.

"अठी," ती म्हणाली. "दाबू नको. नुसतं ठेव."

पुष्पांजलीनं बोट तिथं ठेवलं. बाहेर विहिरीवर रहाट वाजत होता आणि उमराव बायकोसाठी पाणी ओढत होते.